दातात धरलेला क्रँक

तुपे नाना पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा माझ्या नवऱ्याला जाऊन महिनाही झाला नव्हता. कोपरगावात आमचं बेअरिंगचं दुकान आहे. त्या दिवशी मी पहिल्यांदाच एकटीने शटर वर केलं होतं. येणारा प्रत्येक जण दाराशी थबकून, मान खाली घालून, ‘वाईट झालं वहिनी’ म्हणत होता आणि मी मान हलवत होते. नाना आले ते सरळ काउंटरपाशी. दोन्ही हातांनी काउंटर धरला आणि गदागदा हलवला. कॅल्क्युलेटर खाली पडला.

“हालतंय,” ते म्हणाले. “नवऱ्यानं एवढंबी शिकवलं न्हाई व्हय? पाचर मार.”

मग त्यांनी रुपयाच्या नाण्याएवढं एक बेअरिंग मागितलं. मी दिलं. त्यांनी माझ्याच पेट्रोलच्या वाटीत ते बुचकळून त्याचं ग्रीस काढलं, फुंकर मारून वाळवलं, कानाशी धरून फिरवलं आणि माझ्यासमोर टाकलं. “दुसरं.” दुसरंही धुतलं आणि टाकलं. अर्धा ट्रे धुऊन झाल्यावर एक पसंत पडलं. बाकीच्या धुतलेल्या बेअरिंगांचं मी काय करायचं, असं विचारलं तर म्हणाले, “मंगळसूत्राच्या जागी घाल.”

हा माणूस मरेल त्या दिवशी मी पेढे वाटीन, असं मी मनाशी म्हटलं. आता नाना गेले. पेढे काही मी वाटले नाहीत. पण रडलेही नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून हुंदक्याची वाट बघायला नको. काउंटरला पाचर मात्र मी त्याच संध्याकाळी मारली होती, कारण तो खरोखरच हलत होता.

नानांची ती सवयच. दिसेल ते हलवून बघायचं. खुर्ची, दाराची कडी, मोटारसायकलचं हँडल. कुणाकडे चहाला गेले तर आधी कपाचा कान हलवायचे. माणसांचंही तसंच. समोरच्याचं कुठे सैल आहे ते त्यांना दोन वाक्यांत सापडायचं, आणि सापडलं की तिथेच बोट घालून हलवत बसायचे. एखाद्याचा मुलगा नापास झालेला असो, कुणाची सोयरीक मोडलेली असो, नानांना बरोब्बर त्याच जागेची चौकशी करायची असे. ऐकणाऱ्याचा चेहरा पडला की ते समाधानाने मिशीवरून हात फिरवायचे.

साखर कारखान्याच्या वर्कशॉपात ते फोरमन होते. निवृत्त झाले, आणि छळायला हाताखाली माणसं उरली नाहीत. तेवढ्यात आमच्या गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी पुण्याहून रिमोटवर पळणारी एक गाडी आणली. हातभर लांब. पण खेळणं नव्हे. आत खरंखुरं इंजिन, पिस्टनसकट, मुठीत मावेल एवढं. एरंडेल मिसळलेलं इंधन पितं आणि कानाचे पडदे फाटतील असं कोकलतं. ते बंद पडलं तेव्हा डॉक्टर नानांकडे घेऊन गेले. नानांनी ते उघडलं, जोडलं, आणि डॉक्टरांना वेड्यात काढून परत दिलं. पुढच्या काही वर्षांत कारखान्यातले निम्मे फिटर या नादाला लागले. गाळप संपून उसाच्या गाड्यांचं यार्ड रिकामं झालं की तिथे चुन्याच्या रेघा मारून दरवर्षी शर्यत लागायची. आणि त्या सगळ्यांचे न्यायाधीश नाना.

न्यायाधीश कशाचे, तर प्लेचे. या इंजिनाचा कणा म्हणजे क्रँक, आणि क्रँक फिरतो दोन बेअरिंगांवर. बेअरिंग झिजलं की क्रँक वरखाली हलायला लागतो. फिटर लोक त्याला प्ले म्हणतात. प्ले आला की इंजिन पुढच्या फटीतून हवा ओढतं, आणि मग रिमोटवर वेग कमी केला तरी गाडी ऐकत नाही. एका वर्षी अशीच एक गाडी सुटली आणि यार्डाच्या वॉचमनच्या नडगीवर आदळून तिचं हाड मोडून गेली. तेव्हापासून नियम झाला. शर्यतीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपलं इंजिन उघडायचं, क्रँक आणि बेअरिंगं तेवढी जागेवर ठेवायची, पेट्रोलने धुऊन कोरडं करायचं आणि नानांच्या ओट्यावर घेऊन यायचं. नाना ‘बसलं’ म्हणाले तर गाडी पळणार. ‘हालतंय’ म्हणाले तर नाही. त्यावर वाद नाही.

नाना बोटांनी बघत नसत. क्रँकचं पुढचं टोक ते समोरच्या दातांत धरायचे, डोळे मिटायचे आणि इंजिनाचं घर, म्हणजे बेअरिंगं बसतात ते बाहेरचं कवच, हाताने वरखाली करायचे. “बोटं खोटं बोलत्यात,” म्हणायचे, “दात हाडाला सांगत्यात.” तेल लावून आणलेलं इंजिन ते ओट्याखाली भिरकावून देत, कारण तेल फटीत बसून प्ले झाकतं. पुढेमागे केसभर हललं तर चालायचं, किंबहुना तेवढं हवंच असायचं. वरखाली हललं की संपलं. डॉक्टरांनी एकदा सांगून पाहिलं की नाना, लोखंड चावून दात हलतील. नाना म्हणाले, “तू दात उपटून पोट भरतो. माझ्या दातांवर डोळा ठिवू नको.”

घरातही तेच. जुनं बेअरिंग काढायला इंजिनाचं घर तापवावं लागतं. त्यासाठी नानांनी शांताकाकूंचा भाकरीचा तवा घेतला. पाण्याचा थेंब तव्यावर नाचायला लागला की घर उलटं करून आपटायचं, बेअरिंग आपोआप सुटतं. काकूंनी दुसरा तवा आणला, पण पहिला नानांनी फेकू दिला नाही. त्याला जळक्या एरंडेलाचा उग्र वास कायमचा बसला होता. नको असलेला पाहुणा आला की नाना आतल्या खोलीकडे तोंड करून सांगायचे, “त्या तव्यावर टाक गं.” त्यांचे राहात्याचे जावई वर्षानुवर्षं त्या तव्यावरची भाकरी खात होते. जावई पहिल्याच घासाला ओळखायचे, पण मान खाली घालून पुरी भाकरी खायचे. मुलगी मंदा आत चुलीपाशी तोंडात पदर कोंबून बसायची. एकदा मी नानांना म्हटलं, का हो छळता त्या गरीब माणसाला? तर म्हणाले, “एकदा तरी ताट भिरकावलं का त्यानं? मंग खाऊ दे.”

आता बबन. बबन कारखान्यात नानांच्या हाताखाली लेथवर होता. माझ्या नवऱ्याचा मित्र, म्हणून मला वहिनी म्हणायचा. हात सोन्याचा, तोंडातून शब्द निघायची मारामार. नानांनी पुऱ्या नोकरीत त्याच्या एकाही कामाला बरं म्हटलं नव्हतं. त्याच्या लग्नात नाना मांडवात गेले, सगळ्यांसमोर नवरदेवाचा दंड धरून हलवला आणि ओरडून सांगितलं, “नवरदेव हालतोय.” मांडव हसला. नवरीही हसली. पुढे ती नवरी दोन-तीन वर्षांत माहेरी गेली ती परत आली नाही, आणि नानांना त्या लग्नातली आठवण यार्डात प्रत्येक वर्षी येऊ लागली.

तरी बबन दरवर्षी इंजिन घेऊन ओट्यावर यायचाच. शर्यत जिंकायची हौस त्याला नव्हती. त्याला नानांच्या तोंडून ‘बसलं’ ऐकायचं होतं, एवढंच. हे मला ठाऊक होतं, कारण बेअरिंग घेताना तो माझ्या दुकानात तासभर निवडत बसायचा. निवडून झालं की म्हणायचा, “आवंदा म्हनतील वहिनी.” आणि नाना दरवर्षी म्हणायचे, “हालतंय.” एकदा डॉक्टरांना राहवलं नाही. मोजायचं घड्याळासारखं यंत्र आणून त्यांनी बबनचा क्रँक मोजला. काटा हलला. अगदी जरासा, पण हलला. नानांनी त्या यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. ते खरे होते, आणि हीच तर पंचाईत होती. खोटारडा माणूस असता तर त्याला कधीच कुणी ओट्यावरून खाली ओढलं असतं.

मग शांताकाकू गेल्या, आणि पाठोपाठ नानांचे दात गेले. साखरेचा आजार होताच, वर इतकी वर्षं लोखंड चावलेलं. कवळी त्याच डॉक्टरांनी करून दिली. नाना ती घालून बाहेर पडले आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, “पयल्यापरास पक्के हायेत.”

त्या वर्षी माझा धंदा जोरात झाला. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात ज्याने त्याने नानांना इंजिन दाखवायला न्यावं, नानांनी ‘हालतंय’ म्हणावं आणि त्याने माझ्याकडून नवीन बेअरिंग न्यावं. ते बसवून पुन्हा नेलं तर पुन्हा ‘हालतंय’. काढलेली बेअरिंगं लोक माझ्या काउंटरवर टाकून जायचे. मी ती फिरवून बघितली तर एकात दोष असेल तर शपथ. एवढ्यात नाना स्वतः दुकानात आले, फुटाणे चघळत. बोलता बोलता वरची कवळी खाली सरकली आणि त्यांनी जिभेने ती परत वर ढकलली. मी बघितलं, आणि काय झालंय ते मला कळलं. गप्प बसले. या माणसाने मला पहिल्याच दिवशी मंगळसूत्राचं ऐकवलं होतं. त्याला सावध करायचा मक्ता मी घेतला नव्हता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी उन्हं कलताना सगळे ओट्यावर जमले. मीही गेले होते, बेअरिंगांचा डबा घेऊन. नाना खुर्चीत. एकेक इंजिन दातात धरायचे आणि एकेकाला हाकलायचे. बबनची पाळी आली. त्या वर्षी त्याने क्रँकवर काय मेहनत घेतली होती ते मी पाहिलं होतं. बेअरिंगाची बैठक स्वतः लेथवर करून घेतलेली, सगळं धुतलेलं, कोरडं खडखडीत, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आणलेलं. त्याने फडकं सोडलं आणि इंजिन दोन्ही हातांनी पुढे केलं.

नानांनी दातात धरलं, डोळे मिटले, हलवलं. “हालतंय,” म्हणाले. आणि तेवढ्यावर भागलं नाही. “तुझ्या हातात बायको बसली न्हाई, बेअरिंग काय बसनार?”

दोन-चार जण सवयीने हसले. बबनने इंजिन परत घेतलं. एरवी तो खाली मान घालून निघून जायचा. त्या दिवशी त्याने क्रँकचं टोक फडक्याने पुसलं आणि स्वतःच्या दातात धरलं. हलवलं. मग डॉक्टरांपुढे केलं. डॉक्टरांनी आधी नको नको केलं, मग त्यांनीही दातात धरलं, आणि नानांकडे न बघता मान हलवली. प्ले नव्हता.

“नाना,” बबन म्हणाला, “आ करा.”

“काय?”

“त्वांड उघडा म्हनतो.”

इतक्या वर्षांत त्या माणसाला कुणी काही कर म्हणून सांगितलं नव्हतं. त्यामुळेच असेल, नानांनी उघडलं. बबनने पुढे होऊन वरची कवळी अंगठा आणि बोटात धरली आणि वरखाली केली. टुक, टुक, टुक. शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्यालाही ऐकू गेलं.

“प्ले हितं हाय,” बबन म्हणाला. “ऐकलं ना समद्यांनी?” आणि त्याने आणखी एकदा हलवून दाखवलं.

मग जे हसणं उसळलं ते मी जन्मात विसरणार नाही. वर्षानुवर्षांचं तुंबलेलं होतं ते. माणसं मांड्यांवर थापा मारत होती, एकाने तर खुर्चीचा पाय हलवून ‘हालतंय, हालतंय’ म्हणून नानांची नक्कल केली. मी हसले का? हसले की. पोट दुखेपर्यंत हसले. नाना तोंड उघडं ठेवून बसले होते. बबनने बोटं काढून घेतली तरी मिटायचं त्यांच्या लक्षात येईना. लाळ हनुवटीवर आली होती. मग त्यांनी कवळी काढली, धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी शर्यत डॉक्टरांच्या यंत्रावर झाली. सगळ्यांच्या गाड्या पास. एकट्या बबनने आपली गाडी खोक्यातून बाहेर काढली नाही.

“अरे, तुझी तर सगळ्यात चांगली आहे,” मी म्हटलं.

“नानांनी पास कुठं केली?” तो म्हणाला.

मला इतका संताप आला की त्याच्या एक मुस्काटात द्यावी असं वाटलं. ज्या माणसाची कवळी चारचौघांत हलवून दाखवली, त्याच्याच शब्दासाठी हा अजून अडून बसलेला. पण बबनशी वाद घालणं म्हणजे खांबाशी बोलणं. तो पुरी शर्यत खोक्यावर बसून राहिला.

नानांकडे मग कुणी जाईनासं झालं. मंदा राहात्याहून येऊन राहिली. ती सांगायची, कवळी त्या दिवसापासून तोंडात घातली नाही, पातळ भात खातात, बोलत नाहीत. पावसाळा सरता सरता बबन माझ्या दुकानात आला. हातात तेच पांढरं फडकं. “वहिनी, माझ्यासंगं चला,” म्हणाला. “एकटा गेलो तर हाकलतील.”

गेलो आम्ही. नाना ओट्यावरच होते. गाल आत गेले होते, मिशी ओठांवर लोंबत होती. बबन त्यांच्या पुढ्यात उकिडवा बसला, फडकं सोडलं आणि इंजिन पुढे केलं. माफी वगैरे मागितली नाही. नानांनीही विचारलं नाही. इंजिन घेतलं आणि क्रँकचं टोक नुसत्या हिरड्यांत धरलं. डोळे मिटले. खूप वेळ हलवत राहिले. लोखंडावरून लाळ बबनच्या मनगटावर ओघळली, ती त्याने पुसली नाही. तो नानांच्या तोंडाकडे बघत होता, अगदी माझ्या दुकानात बेअरिंग निवडताना बघायचा तसा.

“हालतंय,” नाना म्हणाले.

“बरं,” बबन म्हणाला. फडकं गुंडाळलं आणि मोटारसायकलकडे गेला.

माझ्या अंगाची लाही झाली. मी मागे थांबले. “नाना, खरं सांगा. हिरड्यांना काही कळलं तरी का?”

“घंटा कळतंय,” नाना म्हणाले. बिनदाताचे शब्द ओले येत होते.

“मग का म्हणालात तसं?”

त्यांनी फाटकाकडे बघितलं. “त्यो परत याया पायजे ना,” म्हणाले.

मी फाटकाशी गेले आणि बबनला शब्दन् शब्द सांगून टाकला. माझ्या पोटात असलं राहत नाही. तो ऐकत होता, किल्ली लावून.

“परत याया पायजे म्हनले?”

“हो.”

त्याने इंजिनाचं फडकं हँडलला अडकवलं. मग म्हणाला, “सांगा त्यास्नी, येतो म्हनावं. रविवारी. बेअरिंग बदलून.”

मी आत जाऊन सांगितलं. नानांनी मान डोलावली. बबनने माझ्याकडून बेअरिंग काही नेलं नाही. रविवारी तो गेला नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी विचारलं तर म्हणायचा, “जायाचंय की.” त्याच्या तोंडावर काही दिसायचं नाही.

नानांना मी शेवटचं बघितलं ते गाळप संपल्यावर. त्यांचं घर यार्डाच्या भिंतीला लागूनच. मंदाने मला दुकानातून बोलावून घेतलं होतं, जरा बसा म्हणून, ती औषध आणायला निघाली होती. जाताना सांगून गेली, दर रविवारी असंच करतात. सकाळी चूळ भरतात, मिशी पुसतात, मांडीवर स्वच्छ टॉवेल अंथरतात आणि फाटकाकडे तोंड करून बसतात. दुपारी जेवायला उठवलं तर उठत नाहीत. तो रविवारच होता. अंगावर मांस राहिलं नव्हतं. मी शेजारी बसले. बोलण्यासारखं आमच्यात कधीच काही नव्हतं.

भिंतीपलीकडे इंजिन सुरू झालं. एकच गाडी होती. नानांनी बोट वर केलं, मला गप्प करायला. मी बोलत नव्हतेच.

“बबनचं हाय,” ते म्हणाले.

आवाज चढत गेला, यार्डाच्या त्या टोकाला गेला, वळला, परत आला. वेग सोडल्याबरोबर इंजिन झटकन खाली आलं, जराही रेंगाळलं नाही. पुन्हा चढलं, पुन्हा सोडलं, पुन्हा तसंच खाली. नाना डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा जबडा हलत होता, तोंडात काही धरल्यासारखा.

“बसलंय,” ते म्हणाले.

मी उठलेच. भिंत उंच होती, पण हाक मारली असती तर बबनला ऐकू गेली असती. नानांनी माझं मनगट पकडलं. त्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“त्याला सांगू नको,” म्हणाले. “यायचा न्हाई मंग.”

त्यांनी मनगट सोडलं, मांडीवरचा टॉवेल नीट केला आणि पुन्हा फाटकाकडे बघत बसले.